जुन्या मराठी गाण्यांवर चार ओळींचं मत कसं लिहावं

‘शुक्रतारा मंद वारा’बद्दल चार ओळी लिहायला बसलं की पहिला शब्द सुचतो ‘अवीट’ आणि दुसरा ‘मखमली’. शब्द चुकीचे नाहीत. पण हेच दोन शब्द ‘भेट तुझी माझी स्मरते’ला चालतात, ‘दिसलीस तू’ला चालतात आणि कुठल्याही बऱ्या भावगीताला चालतात. म्हणजे ते वाचून वाचकाच्या हाती त्या एका गाण्याचं काहीच लागत नाही.

गाणाऱ्या मंडळींत ‘जागा’ हा शब्द रोजचा आहे. एखादी मुरकी (दोन-तीन स्वरांची झटपट वळणदार हरकत), ध्यानीमनी नसताना लागलेला स्वर, शब्दाच्या आधी घेतलेला अर्ध्या मात्रेचा थांबा. ‘काय जागा घेतली!’ ही दाद त्या एका क्षणाला असते. छोटं मत लिहिणं म्हणजे गाण्यातल्या अशा एका जागेवर बोट ठेवणं. चाळीस ते साठ शब्दांत दुसरं काही बसतही नाही. ती जागा सापडली की मत आपोआप उभं राहतं, आणि सापडली नाही की विशेषणांची रांग लागते. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं ती जागा शोधण्यासाठी आणि शोधल्यावर ती नीट मांडण्यासाठी आहे.

यादी

एका बैठकीला बारा गाणी पुरेत. त्याहून जास्त घेतली की शेवटच्या चार-पाच गाण्यांना कान शिणल्यावर ऐकलं जातं आणि त्यांच्यावर अन्याय होतो. बारांत भावगीतं चारच ठेवा. बाकी दोन लावण्या, दोन अभंग किंवा भक्तिगीतं, एक बालगीत, एक कोळीगीत, एक नाट्यपद, एक चित्रपटातलं युगुलगीत. एका संगीतकाराची दोनपेक्षा जास्त गाणी नकोत. हृदयनाथ मंगेशकरांची पाच गाणी ओळीने ऐकली की पाचव्याच्या वेळी तुम्ही गाणं ऐकत नसता, त्यांची पद्धत ऐकत असता.

क्रमही महत्त्वाचा. दोन संथ गाणी एकापाठोपाठ आली तर दुसरं नेहमी लांबलेलं वाटतं. ‘मालवून टाक दीप’नंतर लगेच ‘भय इथले संपत नाही’ लावू नका. मध्ये ‘नाच रे मोरा’ किंवा ‘बुगडी माझी सांडली गं’ येऊ द्या.

कोणतं ध्वनिमुद्रण ऐकताय ते आधी ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, लिहिण्यात नाही. इंटरनेटवर एकाच गाण्याची पाच-सहा रूपं सापडतात: मूळ तबकडीवरचं, चित्रपटातलं, कार्यक्रमातलं, दुसऱ्या कुणी गायलेलं, आणि जुन्या आवाजाखाली नवा ठेका भरलेलं. या शेवटच्या प्रकारावर मत देऊन ‘वाद्यमेळ फार गजबजलेला’ असं लिहिलं, तर ते त्या संगीतकाराच्या माथी मारल्यासारखं होतं.

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन ते साडेतीन मिनिटं मावत. त्यामुळे त्या काळातली कितीतरी गाणी सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपतात. चित्रपटात तेच गाणं एखाद्या कडव्याने मोठं असू शकतं. तेव्हा ‘गाणं घाईत संपतं’ असं वाटलं, तर तुम्ही तबकडीवरचं ऐकताय का ते आधी पाहा. ती घाई संगीतकाराची नसते, मेणाच्या आणि लाखेच्या त्या वर्तुळाची असते.

वेगाची गोष्ट आणखी फसवी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चालतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीसाठी तो २५ वर चालवला की वेग सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. २०० सेकंदांचं गाणं १९२ सेकंदांत संपतं आणि आवाज पेटीच्या जवळजवळ पाऊण पट्टीने चढतो. टीव्हीवरून उतरवलेल्या चित्रफितीत असं सर्रास आढळतं. अशा फितीवर ‘आवाज जरा पातळ लागलाय’ असं लिहिलं जातं आणि त्यात गायिकेचा काडीचा दोष नसतो. तपासायला सोपं आहे. त्याच गाण्याची दुसरी, ध्वनिफितीवरून घेतलेली प्रत काढा, दोन्हींची लांबी सेकंदांत मोजा. फरक चार टक्क्यांच्या जवळ आला आणि कडवी तेवढीच असली, तर चित्रफितीवर मत देऊ नका.

नाट्यपदांत तर चालच वेगळी असू शकते. ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात ‘घेई छंद मकरंद’ दोन घराण्यांच्या दोन चालींत येतं. शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, दोन्ही चाली जितेंद्र अभिषेकींच्या, पण स्वभाव दोन माणसांचे. कोणती चाल ऐकली हे न सांगता दिलेलं मत अर्ध्या वाचकांना खोटं वाटणार.

आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यातून डग्गा (तबल्याच्या जोडीतला खर्जाचा) जवळजवळ येतच नाही, फक्त तबल्याची चाट टकटकते. मग लावणीची ढोलकीसुद्धा पोकळ वाटते. साधे वायरचे इयरफोन चालतील.

तीनदा ऐकायचं, तीन कामांसाठी

पहिल्यांदा हातात काही न घेता ऐका. गाणं पूर्वी शंभरदा ऐकलेलं असलं तरी. पूर्वीचं ऐकणं हे गणपतीच्या मांडवातलं, स्वयंपाकघरातलं, एसटीतलं असतं. ते आठवणीसकट येतं आणि आठवणीला गाण्याचे गुण चिकटतात. संपल्यावर एकच गोष्ट लिहून ठेवा: कुठे मान हलली. ‘दुसऱ्या कडव्याच्या शेवटी’, ‘पहिल्या म्युझिकनंतर’, एवढंच.

दुसऱ्यांदा शब्द समोर घेऊन ऐका. चाल शब्दाला कुठे तोडते ते बघायचं. मराठीत ऱ्हस्व अक्षर ताणलं की कानाला लगेच खटकतं, आणि शब्दाच्या मध्येच श्वास घेतला की अर्थ सांडतो. यशवंत देवांनी ‘शब्दप्रधान गायकी’ या नावाचं पुस्तकच लिहिलं. भावगीतात शब्दाचा अर्थ, त्याचं वजन आणि स्वर हे एकाच वेळी पोचले पाहिजेत, या आग्रहाची कसोटी तिथून घ्यायला हरकत नाही. उच्चारही याच वेळी तपासा, विशेषतः अमराठी गायक असेल तर. मराठीचा ‘ळ’ आणि ‘चांदणे’मधला दंत्य च ही दोन अक्षरं सगळं सांगतात. श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतातलं, वंदना विटणकरांचं ‘शोधिसी मानवा’ मोहम्मद रफींनी गायलं आहे. पहिल्याच ओळीत ‘राउळी’ येतं. तिथे कान लावा, मग बाकीच्या गाण्याबद्दल बोला.

तिसऱ्यांदा गायकाकडे लक्ष देऊ नका. अवघड आहे, पण जमतं. फक्त मागे काय वाजतंय ते ऐका: दोन कडव्यांच्या मधलं म्युझिक, बासरी किंवा सतार कुठे शिरते, ठेका कुठे सुटतो, कुठे पुन्हा समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, धरला जातो. पहिल्या वेळी जिथे मान हलली होती, तिथे खरं काम कुणी केलं हे बहुतेक वेळा आता कळतं. गायकाला दिलेली दाद कित्येकदा व्हायोलिनच्या चार सुरांची असते.

प्रत्येक वेळी जागेची वेळ मिनिट-सेकंदात टिपून ठेवा. मतात ती छापायची नाही, पण लिहिताना पुन्हा नेमकं तिथे जाता येतं. आठवणीवर लिहिलं की ‘तिसऱ्या कडव्यात’ म्हणून जे लिहिता ते दुसऱ्यात निघतं.

ठेका मोजणं आणि रागाचं नाव

ठेका ओळखता आला तर मताला आधार येतो. दोनच ठेके पक्के करा, सुगम संगीतातली बहुतेक गाणी त्यांत येतात. टाळी देत ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन’ म्हणा. बसलं तर दादरा, सहा मात्रांचा: धा धी ना, धा ती ना. ‘एक-दोन-तीन-चार’ बसलं तर केहरवा किंवा भजनी, आठ मात्रांचे. केहरव्याचे बोल: धा गे ना ती, न क धि न. दोन्ही बसत नसतील आणि तीन-दोन-दोन असं अडखळत चालल्यासारखं वाटत असेल, तर रूपक, सात मात्रा. मोजताना शब्दांच्या मागे जाऊ नका, डग्ग्याच्या मागे जा. शब्द बरेचदा समेच्या आधीच सुरू होतात आणि मोजणी घसरते.

रागाच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. ‘तोच चंद्रमा नभात’ यमनात आहे, ‘इंद्रायणी काठी’ भीमपलासात आहे, हे सर्वमान्य आहे, ते लिहा. पण भावगीत रागाचे नियम पाळायला बांधलेलं नसतं. मुखडा (सुरुवातीच्या, परत परत येणाऱ्या ओळी) एका रागात आणि अंतरा (पुढचं कडवं) तिसऱ्याच वाटेने, हे इथे चालतं, किंबहुना तीच गंमत असते. पेटीवर सा धरून तपासता येत असेल तरच नाव घ्या. यमनाला तीव्र मध्यम लागतोच. भीमपलासात गंधार-निषाद कोमल, आणि वर चढताना रिषभ-धैवत गळतात. एवढं जुळलं नाही तर ‘संध्याकाळची छाया असलेली चाल’ असं साध्या शब्दांत लिहिलेलं बरं. चुकीच्या रागाचं नाव छापलं गेलं की जाणकार वाचक तिथेच थांबतो आणि पुढच्या तीन बरोबर ओळीही वाचत नाही.

कुणाचं गाणं

मराठीत गाणं तीन माणसांचं असतं: कवी, संगीतकार, गायक. मताच्या वर तिघांचीही नावं हवीत, आणि ती तबकडीच्या किंवा ध्वनिफितीच्या वेष्टनावरून घ्यावीत, चित्रफितीच्या मथळ्यावरून नव्हे. गोंधळ ठरावीक ठिकाणी होतात.

तीन वसंतांपासून सुरुवात करा. वसंत प्रभू म्हणजे लता मंगेशकरांची ‘मधु मागसी माझ्या’, ‘कळा ज्या लागल्या जीवा’ ही भा. रा. तांब्यांची गीतं आणि पी. सावळारामांबरोबरचं ‘गंगा जमुना डोळ्यात उभ्या का’. वसंत पवार म्हणजे ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि तिथली लावणी. वसंत देसाई म्हणजे ‘अमर भूपाळी’ (१९५१). तिघांची तब्येत इतकी वेगळी आहे की नाव चुकलं तर मतही चुकतं. राम फाटक (‘दिसलीस तू’) आणि राम कदम (‘पिंजरा’) हीसुद्धा दोन वेगळी माणसं. ‘केतकीच्या बनी’मध्ये शब्द अशोक परांजपे यांचे आणि चाल अशोक पत्की यांची. इथे एक अशोक गाळला जातो. ‘सांज ये गोकुळी’ची चाल सुधीर फडक्यांच्या नावावर सर्रास टाकली जाते. ती श्रीधर फडक्यांची आहे, शब्द सुधीर मोघ्यांचे, चित्रपट ‘वजीर’ (१९९४).

‘आनंदघन’ हे संगीतकाराचं नाव दिसलं की ती लता मंगेशकर. आणि आवाजावरून लता की सुमन कल्याणपूर हे ठरवू नका. वर्षानुवर्षं ऐकणारेही तिथे फसले आहेत. ‘केशवा माधवा’ आणि ‘मृदुल करांनी छेडित तारा’ ही सुमनताईंची, शब्द रमेश अणावकर आणि संगीत दशरथ पुजारी. त्यांच्या गाण्याचं कौतुक दुसऱ्याच नावाने झालं की ते फार दुखतं, म्हणून हे बजावून सांगितलं.

लिहिताना

पहिल्या वाक्यात जागा. दुसऱ्यात ती तिथे का काम करते. तिसऱ्यात जे जमलं नाही ते, असलं तर. चौथ्यात निकाल: कधी ऐकावं, कुणी ऐकावं, पुन्हा ऐकाल का. हा क्रम मोडला तरी चालेल, पण पहिलं वाक्य विशेषणाने सुरू करू नका.

काही शब्द लिहून झाल्यावर खोडायचेच: अजरामर, अप्रतिम, अवीट, काळजाला भिडणारं, मंत्रमुग्ध, सुवर्णकाळ. ‘हल्ली अशी गाणी होत नाहीत’ हेही. या वाक्यात सगळा राग न आवडलेल्या नव्या गाण्यांवर असतो आणि समोरच्या जुन्या गाण्याबद्दल एक अक्षर नसतं. साठांतले पाच शब्द वाया.

खोडल्यावर काही उरलं नाही, तर गाणं पुन्हा ऐका. शब्दकोश उघडू नका.

एक उदाहरण जवळून. पहिला खर्डा असा येतो: ‘शुक्रतारा हे अजरामर युगुलगीत. पाडगावकरांचे हळुवार शब्द, खळ्यांची अवीट चाल आणि अरुण दातेंचा मखमली आवाज. ऐकतच राहावंसं वाटतं.’ यात गाणारी दुसरी व्यक्तीच गायब आहे. युगुलगीत म्हणायचं आणि सुधा मल्होत्रांचं नावही नाही. आता दुसऱ्यांदा, शब्द समोर ठेवून ऐकल्यावर:

शुक्रतारा मंद वारा (मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा). मुखडा ‘तू अशी जवळी रहा’वर टेकतो. तिच्या कडव्याच्या शेवटी तेच ‘तू असा जवळी रहा’ होतं. ‘अशी’चं ‘असा’ झालं, आणि त्याचं मागणं दोघांचं झालं. दोघंही आवाज चढवत नाहीत, शेजारी बसलेल्याला ऐकू जाईल इतकंच बोलतात. हॉलमध्ये मोठ्याने लावलं की हे सगळं हरवतं. रात्री, कमी आवाजात ऐकावं.

असंच आणखी काही गाण्यांवर. लांबी मुद्दाम कमी-जास्त ठेवली आहे. ज्या गाण्यात सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त जागा द्यावी, सगळ्यांना एकाच मापाचे कपडे शिवू नयेत.

इंद्रायणी काठी (ग. दि. माडगूळकर, पु. ल. देशपांडे, भीमसेन जोशी, ‘गुळाचा गणपती’, १९५३). एका चरणाच्या शेवटी ‘मागेपुढे’ येतं आणि पुढचा चरण त्याच शब्दाने सुरू होतो. आधी वैष्णव मागेपुढे नाचतात, मग ज्ञानाचा उजेड मागेपुढे दाटतो. चालीला त्यामुळे कुठे सांधाच दिसत नाही. कितीतरी जण हा संतांचा अभंग समजतात, आणि माडगूळकरांना याहून मोठी दाद नाही. भीमसेनजींचं मैफलीतलं लांब रूप आणि हे छोटं रूप यांची तुलना करू नये. इथे त्यांनी ताकद मुठीत धरून ठेवली आहे, ते ऐकण्यासारखं आहे.

ऐरणीच्या देवा तुला (जगदीश खेबुडकर, आनंदघन, लता मंगेशकर; ‘साधी माणसं’, १९६५). लोहाराच्या बायकोचं मागणं. खाऊ म्हणते ते लोखंडाचे चणे, लेऊ म्हणते ते गरिबीचं लेणं. जागा आहे ‘धनी मातुर’ या शब्दांची. तोवर सगळं देवावर सोडलेलं असतं, ‘मातुर’ म्हटल्यावर पहिल्यांदा हट्ट येतो. ‘मात्र’ लिहिलं असतं तर हा हट्ट आला नसता. लता मंगेशकर संगीतकार म्हणून किती थोडक्यात भागवतात हे पाहायचं तर हे गाणं. कामाच्या लयीवर ऐकावं, पूजेच्या नाही.

नाच रे मोरा (माडगूळकर, पु. ल., आशा भोसले, ‘देवबाप्पा’, १९५३). कडव्यागणिक पाऊस पुढे सरकतो. आधी ढग वाऱ्याशी झुंजतात, मग धार लागते, मग तळ्यात थेंब नाचतात, शेवटी पाऊस थांबून आभाळात कमान उमटते. पोरांना न कळवता एक अख्खी गोष्ट सांगून होते. मोठ्यांनी एकदा फक्त ही गोष्ट म्हणून ऐकावं.

बुगडी माझी सांडली गं (माडगूळकर, वसंत पवार, आशा भोसले; ‘सांगत्ये ऐका’, १९५९). साताऱ्याला यमक म्हाताऱ्याचं. सगळा खट्याळपणा त्या एका यमकात आहे आणि आशाबाई तो दडवून म्हणतात, उधळून नाही. ढोलकी त्यांना ढकलत नाही, वाट पाहते. गजरे बांधून रंगमंचावर याचं जे काही केलं जातं त्यात नेमकी ही वाट पाहणं निघून जातं.

श्रावणात घन निळा बरसला (पाडगावकर, खळे, लता मंगेशकर). प्रत्येक अंतऱ्याची चाल वेगळी. पहिला अंतरा पाठ झाला म्हणून त्याच वाटेने दुसरा म्हणायला जावं तर पाय घसरतो. पण दर वेळी मुखड्यावर परत येणं इतकं सहज आहे की वेगळेपणा जाणवतच नाही, गाऊ लागल्यावरच कळतो. खळ्यांच्या चालींची अवघड बाजू समजून घ्यायला हे एकच गाणं पुरे. घरी म्हणून पाहा, मगच मत द्या.

मी डोलकर (शांता शेळके, हृदयनाथ मंगेशकर, लता मंगेशकर आणि हेमंतकुमार). हेमंतकुमारांच्या आवाजाला तळ आहे, आणि या गाण्याला तळच हवा होता, दर्याचा. त्यांच्यासमोर लताबाईंचा आवाज लाटेच्या माथ्यावरून जातो. दोघांतलं अंतर हेच गाणं. शांताबाई पुण्याकडच्या, पण बोली कोळीवाड्याची, कुठेही उसनी वाटत नाही.

जाईन विचारित रानफुला (शांता शेळके, हृदयनाथ मंगेशकर, किशोरी आमोणकर). ख्याल गाणाऱ्या गळ्यात भावगीत दिलं की भीती असते ती अलंकारांची. इथे उलट झालं आहे. किशोरीताई स्वर सोडताना जो वेळ घेतात तो ख्यालातला आहे, पण सजावट जवळजवळ नाही. एकट्याने ऐकण्याचं गाणं.

या चिमण्यांनो परत फिरा रे (माडगूळकर, खळे, लता मंगेशकर, ‘जिव्हाळा’, १९६८). ‘जाहल्या तिन्हीसांजा’ इथे स्वर खाली उतरत नाही तर अंधारतो. हाक मारणारीला उत्तर येणार नाही हे चाल आधीच सांगून टाकते. दिवसा ऐकून याचं काही कळत नाही.

न आवडलेलं गाणं

पूज्य गाण्यावर नापसंती लिहायची तर आणखी एकदा ऐका आणि दोष चारपैकी कुठला ते ठरवा: शब्द, चाल, आवाज की ध्वनिमुद्रण. चारही ठीक असतील तर दोष त्या दिवसाचा समजा आणि गाणं पुढच्या खेपेला ठेवा. ‘मला भावलं नाही’ एवढ्यावर मत संपवू नका. काय करायचं होतं, कुठे राहिलं, हे सांगितलं की न पटणाऱ्यालाही ते तपासून बघता येतं. उदाहरणार्थ:

भय इथले संपत नाही (ग्रेस, हृदयनाथ मंगेशकर, लता मंगेशकर, ‘महाश्वेता’ या दूरदर्शन मालिकेचं शीर्षकगीत). कवितेत ‘गातो’ आहे आणि स्त्रीच्या आवाजातही तो ‘गातो’च राहिला, ‘गाते’ केलं नाही, हे फार चांगलं केलं. त्यामुळे शब्द कवीचेच राहतात. पण चाल इतकी सांत्वन करणारी आहे की पहिल्या ओळीतलं भय दुसऱ्या ओळीपर्यंत टिकत नाही. कविता वाचताना जी धास्ती वाटते ती गाण्यात कुठे सापडत नाही. गाणं म्हणून सुंदर, या कवितेचं गाणं म्हणून अर्धं.

ग्रेस यांच्यासारख्या कवीचं गाणं असेल तर अर्थ सांगायला जाऊ नका. साठ शब्दांत तो मावत नाही. शब्दांचा आवाज कसा लागतो आणि चाल त्या आवाजाशी काय करते, एवढंच लिहा.

देशभक्तिगीतं आणि भक्तिगीतं यांच्या बाबतीत उलटा धोका आहे. ‘ने मजसी ने’ ऐकताना अंगावर काटा येतो तो आधी सावरकरांच्या १९०९ सालच्या ब्राइटनच्या किनाऱ्याने येतो. मंगेशकर भावंडांच्या ध्वनिमुद्रणाचं श्रेय त्यापासून वेगळं काढायला हवं. त्यासाठी एक युक्ती आहे. ‘सागरा, प्राण तळमळला’ ही ओळ गाण्यात दर वेळी परत येते, तेवढीच सगळी आवर्तनं एकामागून एक ऐका. पहिल्या आणि शेवटच्या वेळेत काय बदललं हे लिहिता आलं, तर ते मत गाण्यावरचं झालं. नाहीतर ते इतिहासावरचं.

लिहून झाल्यावर

मताखाली तारीख आणि कोणती प्रत ऐकली ते लिहून ठेवा: ‘७८ ची तबकडी’, ‘चित्रपटातलं’, ‘कार्यक्रमातलं’. तीन आठवड्यांनी, स्वतःचं मत न वाचता, गाणं पुन्हा ऐका आणि मान कुठे हलते ते टिपा. त्याच जागी हलली तर मत तसंच राहू द्या. दुसरीकडे हलली तर जुनं खोडू नका, खाली नव्या तारखेने दुसरी जागा लिहा. ‘श्रावणात घन निळा’सारख्या गाण्याखाली अशा चार-पाच तारखा सहज जमतात.